नियम नववा : वीस वेळा रिकामं फिरवा

हे लिवणारच न्हवतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण 'कॉफी कट्टा सातारा-सांगली' ग्रुपवरच्या चौतीस शहाण्यांनी आठ दिवस डोकं खाल्लंय. "गुंडाभाऊ, मित्राला घेऊन दिलेल्या ग्राइंडरचा रिव्ह्यू टाका की." घ्या मंग. हाच रिव्ह्यू.

माझं नाव गुंडा. आज्याचं नाव ठेवलंय, माझा इलाज न्हाई. गाव कुंडल, नोकरी शिरवळला, एका कंपनीत क्वालिटीला. दिवसभर शाफ्ट मोजायचे. मायक्रोमीटर हातात असतो म्हणून मायक्रॉन म्हंजे काय ते मला कळतं. ग्रुपवर कुणाला कळत न्हाई, तरी तोंडात दुसरा शब्द न्हाई. "माझा एक क्लिक बावीस मायक्रॉनचा." आवं, डोक्याचा एक केस सत्तर मायक्रॉनचा असतो. तोबी राहिला न्हाई तुमच्याकडं.

अॅडमिन विश्वजीतराव, सांगलीचे. चाळीस एकर ऊस. रोज सकाळी कपाचा फोटो, मागं ऊस, आणि खाली दोन ओळी. "आज कपात गुळाची चव सापडली." गड्या, तुझ्या बांधाला गुऱ्हाळ हाय. उठ, चार पावलं चाल आणि ढेप चाट. गुळाच्या चवीसाठी परदेशी बिया कशाला दळत बसतोस? एकदा म्हणाले, ओल्या मातीचा वास आला. आला असंल. पाटाचं पाणी कधी धरलं न्हाई तर माणसाला मातीचा वास कपातच शोधावा लागतो.

आणि ह्या सगळ्यांना सल्ला देणारा कोण? मी.

कुठला घ्यावा, कुठला घेऊ नये, दात पोलादी का चिनी मातीचे, दांडा केवढा. गुंडाभाऊला इचारा. गुंडाभाऊ रात्रंदिवस हजर. ते एक सांगायचं राहिलंय, ते पुढं सांगतो. आत्ताच सांगितलं तर तुमी वाचायचं सोडून हसत बसाल.

कुणाल माझा दोस्त. कंपनी एक, शिरवळात खोली एक. त्याचं घर वडूजला. दर शनिवारी संध्याकाळी गाडीला किक मारतो, रविवार घरी काढतो. मे महिन्यात लग्न झालं. बायको अक्षता, जतची. जतची माणसं निम्मी कानडी बोलत्यातच, पण ही जरा जास्त. तिचे वडील लालासाहेब बावीस वर्षं चिकमंगळूरकडं कॉफीच्या मळ्यावर लॉरी चालवत व्हते. दहावीपर्यंत ती तिकडंच वाढली. कॉफी म्हणत न्हाई, कापी म्हणते.

आता वडूजचं घर म्हंजे चहाचं. कुणालची आई, हरणाबाई, पाचला उठून पातेलं ठेवते आणि ते दुपारपर्यंत उतरत न्हाई. अक्षताला चहा मानवत न्हाई. डोकं धरतं. पण सांगितलं न्हाई तिनं कुणाला. जुलैत तिच्या वडलांनी पार्सल पाठवलं. दोन किलो भाजलेल्या बिया. तिनं मिक्सरला लावल्या. त्या मिक्सरात सात वर्षं कांदा-लसूण मसाला वाटलेला. कुणाल पहिला घोट पिऊन मला फोनवर म्हणाला, "गुंड्या, कापी न्हवं रं, कालवण झालं."

मंग खोलीवर आल्यावर खाटंवर बसून म्हणाला, "हातानं फिरवायचं एखादं यंत्र सांग की. ती आली तवापास्नं काय म्हणजे काय मागितलं न्हाई तिनं. दर रविवारी बघतो, पावण्यागत बसती रं. खुर्चीच्या कडंला. हे एक तरी तिच्या मनासारखं झालं पायजे."

एवढंच मागणं व्हतं गड्याचं. बायको घरात घरच्यागत बसावी.

मी अकरा दिवस लावले.

तो रोज एक फोटो दाखवायचा, मी रोज थुकायचो. चिनी मातीच्या दातांचा दाखवला. म्हटलं, तो दात न्हाई, बरणीचं झाकण हाय. काचेचा दाखवला. म्हटलं, लोणचं घाल त्यात. खाली ड्रॉवर असलेला लाकडी पेटीवाला दाखवला. म्हटलं, हा रुखवतात मांडायचा, तुझं लग्न झालंय. विश्वजीतरावांनी स्वतःचा सुचवला, तर म्हटलं, तो घ्यायचा तर आधी ऊस लावावा लागंल.

शेवटी मी निवडला तो पोलादी. नळकांड्यासारखा. आत सात धारांचा दात, पूड जाड-बारीक करायला बाहेरनं क्लिक-क्लिक फिरवायची कडी, वजन असं की फेकून मारला तर माणूस जाईल. आणि सगळ्यात मोठा गुण म्हंजे आत काही ठेवत न्हाई. टाकल्या अठरा ग्रॅम, निघाल्या अठरा ग्रॅम. मागं राहिलेली पूड शिळी हुती, दुसऱ्या दिवशीचा कप नासवती. ह्या एका गोष्टीवर मी ग्रुपवर तीन लेख पाडलेत. तुमी सगळ्यांनी अंगठे टाकलेत.

मधी एकदा कुणाल म्हणाला, "तिलाच इचारू का, कसला पायजे ते?"

मी म्हटलं, "तिला काय कळतंय रं? कॉफीत चिकोरीच्या मुळाची पूड घालून पिणारी माणसं ती."

त्यानं मी सांगितला तोच मागवला.

ग्राइंडर आला. त्याच्यासंगं मी नियम लिवले. चौदा. कंपनीच्या प्रिंटरवर मोठ्या अक्षरात काढले, वरनं प्लास्टिक चढवलं. पाणी किती तापवायचं, बिया किती मोजायच्या, किती क्लिक. नववा असा : 'शेवटी वीस वेळा रिकामं फिरवा. बुडाला पाच थापट्या मारा. एकपण कण मागं राहता कामा नये.' कुणालनं तो कागद वडूजच्या स्वयंपाकघरात गॅसच्या वर चिकटवला. कॅलेंडरच्या शेजारी.

गणपतीत मी स्वतः गेलो, काम कसं चाललंय बघायला. बघायला, म्हंजे तपासायला. अक्षतानं पितळी फिल्टरमधी कापी केली. वडलांच्या बियांची, दूध घालून, वाटीत उंचावरनं ओतून फेस काढून. हरणाबाई पलीकडं बसलेल्या. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. म्हटलं, "वहिनी, राग मानू नका, पण ह्या बिया न्हाईत. कोळसा हाय. भाजणाऱ्यानं जाळल्यात. ह्याच्यात चव उरलीच न्हाई काय."

ती म्हणाली, "साकु."

मला वाटलं साखर म्हणती. म्हटलं, "न्हाई न्हाई, साखरेनं तर अजून वाटोळं हुईल."

तिनं कप उचलला आणि आत गेली. साकु म्हंजे कानडीत पुरे. हे मला परवा कळलं.

कुणाल त्याच खोलीत व्हता. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत.

नंतर ग्रुपवरनं मी फिकट भाजलेल्या बिया मागवून दिल्या. लालासाहेबांच्या बिया डब्यात घालून माळ्यावर गेल्या.

दसऱ्याआधी अक्षता चार दिवसांसाठी म्हणून जतला गेली. आज तेवीस दिवस झाले. फोन केला की "येते". कधी, ते न्हाई. कुणाल डबा तसाच परत आणतो. परवा लाइनवर चुकीचा गेज घेऊन उभा व्हता, मी बघितलं म्हणून वाचला. इचारलं तर म्हणतो, "आईशी भांडण न्हाई. माझ्याशी न्हाई. कुणी बोट लावलेलं न्हाई. मंग का येईना रं? न्हाईच आली तर?"

मी लगीच निकाल दिला. "तुझी आई. दुसरं काय असणार? जुनी माणसं. सुनेनं नवीन काय केलं की ह्यांच्या पोटात दुखतं. ह्या रविवारी मी येतो. बोलतो काकींशी."

हा रविवार म्हंजे आजचा.

हरणाबाई सोप्यात मटकी निवडत बसल्या व्हत्या. कुणाल दाराला टेकून. मी खुर्ची ओढली.

"काकी, जरा बोलायचं व्हतं."

"बोल की. त्वांड हाय न्हवं तुला."

मी सुरू झालो. जमाना बदललाय. पोरगी शिकलेली हाय. तिची ती कापी तिच्या मनानं करू द्यावी. घरात दोन चवी असल्या म्हणून काय बिघडत न्हाई. चांगलं पाच मिनटं बोललो. ग्रुपवर बोलतो तसं.

हरणाबाई मटकीतनं खडे बाजूला काढत व्हत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "मी कवा नगं म्हनलं?"

"मंग तिनं कापी करायची बंद का केली? कुणाल सांगत व्हता."

"ऊठ. आत ये."

आत गेलो. त्यांनी गॅसच्या वर बोट केलं. "ती पाटी कुनाची?"

"माझी."

"वाच."

वाचली. पहिल्यापास्नं. नवव्याला त्यांनी हात वर केला. "ह्ये परत."

"शेवटी वीस वेळा रिकामं फिरवा."

"परत."

"काकी, आयकलं की तुमी."

"मी आयकलंय. तू आयकलंयस का?" मटकीचा हात लुगड्याला पुसला त्यांनी. "रिकामा पाळना हालवत न्हाईत. रिकामं जातं फिरवत न्हाईत. तुज्या आयनं येवडं सांगिटलं न्हाई व्हय रं तुला?"

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, "आवं काकी, हे जातं न्हाई."

"खालची तळी बसल्याली, वरची फिरतीया, मदी दानं, वर दांडा. मंग काय हाय? पंखा हाय?"

ह्याचं उत्तर तुमच्याकडं असलं तर सांगा. चौतीस जण हाय.

मंग त्यांनी सांगितलं. रोज सकाळी आतनं आवाज यायचा. आधी भरल्या दळणाचा, मंग रिकामा, खडखड खडखड. वीस वेळा. नवी नवरी, लग्नाला चार महिनं, आणि घरात रोज रिकामं जातं. "मला भ्या वाटलं," म्हणाल्या. "मी वरडले न्हाई. म्हनलं, आगं बया, रिकामं फिरवू नगं, वाईच वैरन ऱ्हाऊ दी आत. ती म्हनली, आत्या, पाटीवर लिवलंय. ह्यांच्या मित्राला लय कळतंय म्हनत्यात. दोन दिस हितंच हुबी असायची. हातात ती नळी. हिकडं मी बघतीया, तिकडं तुजी पाटी बघतीया. तिसऱ्या दिशी नळी पुसली, फडक्यात बांदली आन ठिवली. मी म्हनलं, च्या घी. च्या प्याली. डोकं धरून बसली."

मी तरी गप बसावं का न्हाई? न्हाई. मी त्यांना शिळ्या पुडीचं समजवायला लागलो. तेल कसं खवट हुतं ते.

त्यांनी फडकं सोडलं आणि ग्राइंडर माझ्या हातात दिला. "दळून दाव."

आता ते राहिलेलं सांगतो.

मी आयुष्यात हातानं कॉफी दळलेली न्हाई. माझ्याकडं ग्राइंडर न्हाई. कधीच न्हवता. अकरा दिवस ज्याच्यावर थुकलो त्यातला एकबी हातात धरला न्हवता. हा कुणालला आलेला डबा फोडला तवा पहिल्यांदा धरला, आणि कडी फिरवून, वा, क्लिक भारी हाय, म्हणून ठेवला. जे कळतं ते सगळं व्हिडिओ बघून. शाळेत असल्यापास्नं मी सगळं असंच शिकलोय, इंग्रजीबी असंच. इंग्रजी आलं, त्यामुळं वाटलं सगळंच येतं.

बिया घातल्या. डाव्या हातात नळकांडं, उजव्या हातात दांडा. फिरवला तर दांडा जागेवर आणि नळकांडंच हातात फिरलं. घट्ट धरलं. घामानं सटकलं. छातीशी धरलं. मंग काखंत मारलं.

"बोकड धरलंयस व्हय?" हरणाबाई म्हणाल्या.

कुणाल दारातनं बघत व्हता. हसला न्हाई.

त्यांनी माझ्या हातातनं काढून घेतलं. फरशीवर बसल्या. एक पाय लांब, दुसरा दुमडलेला. नळी दुमडलेल्या पायाच्या खाली दाबली, दांडा धरला. हात हलतोय असं वाटतच न्हवतं, कमरंपास्नं फिरत व्हत्या. एक झटका न्हाई. आवाज एका लयीत. मंग मधीच थांबल्या. मी म्हटलं, "अजून हायत की आत."

"आवाज पातळ झाला. आता थांबायचं. ऱ्हातंय त्ये ऱ्हाऊ द्यायचं. त्येला वैरन म्हंत्यात."

वैरण म्हंजे मला म्हशीची म्हायती. तसं म्हटलं.

"जातं म्हशीपरास येगळं न्हाई. उपाशी बांदून ठिवलं की लात मारनारच." मंग नळीला हातानं वेढा घालून दावला. त्यांची बोटं पुरली न्हाईत. "आन येवडी जाड कशापायी घेतली? माजा रापल्याला हात बसंना, त्या पोरीची मूट केवडी! दोनी पायांत धरून फिरवायची. साडी काळी करून घ्यायची."

दिवसाला चारशे शाफ्ट मोजतो मी. दांडा किती सेंटिमीटर, दात किती मिलिमीटर, सगळं बघितलं. फिरवणार कोण, ते न्हाई बघितलं.

तर विश्वजीतराव, रिव्ह्यू. ग्राइंडर चांगला हाय. पूड एकसारखी पडती. आत कण ठेवत न्हाई हे खरं, आणि ज्या घरात घेतला तिथं तोच त्याचा दोष निघाला. हे तुमच्या ग्राइंडर-तुलनेच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतंय बघा. कुणी दळायचं, कुठं बसून, शेजारी कोण बसलंय, असला रकाना मला तरी दिसला न्हाई. मीबी तो पाडला न्हाई. आपण चौतीस अधिक एक, पस्तीस जण मिळून कपात गूळ हुडकतोय. असो.

मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. कुणाल आला. बसला न्हाई. हातात तो कागद व्हता. भिंतीवरनं ओढताना चिकटपट्टीला रंगाचा पोपडा आलेला. कागद माझ्या मांडीवर टाकला.

"गुंड्या, खरं सांग. तू हे यंत्र आधी कवा वापरलं व्हतंस?"

"न्हाई."

"दुसरं कुठलं?"

"न्हाई."

"एकबी न्हाई?"

"न्हाई रं."

मला वाटलं आता कानाखाली येणार. आली असती तर बरं झालं असतं.  

"परवा फोनवर तिनं एकच इचारलं," म्हणाला. "बाबांच्या बिया कुठं हायत? मी म्हटलं, माळ्यावर. तिनं फोन ठेवला."

"मंग आपण त्या खाली काढू. आत्ता काढू. मी चढतो—"

"गप." पहिल्यांदा मला असं म्हणाला तो. पाच वर्षांत पहिल्यांदा. "तिच्या बापानं बावीस वर्षं त्या बिया घाटातनं वाहिल्या. तू कोळसा म्हणालास. माझ्या घरात. माझ्या आईपुढं. आणि मी फरशी उकरत बसलो. तुला वाटतंय ती तुझ्यावर रुसलीया? तू कोण लागून गेलास? ती माझ्यावर रुसलीया. मी बोललो न्हाई म्हणून."

मी मांडीवरचा कागद उचलून पायरीवर पालथा ठेवला.  

"उद्या पहाटं जतला निघतोय. सुट्टी टाकलीया. तू चल."

"मी? मला बघून तर ती दार लावंल."

"लावू दी. मी माझं बोलणार हाय. तुझं मी बोलणार न्हाई. तुझं तू बोल. लालासाहेबांपुढं. तिच्यापुढं."

"काय बोलू?"

"ते मी सांगू व्हय आता? चौदा नियम लिवलेस तवा मला इचारलं व्हतंस?"

बरोबर हाय. न्हवतं इचारलं.

म्हटलं, "तिथं कापी देतील."

"देतील. मंग?"

"पिईन. सगळी."

"आणि?"

इथं मला इनोद सुचला व्हता. जिभेवर आला व्हता. गिळला. कुणाल बघत व्हता, आणि गड्याचे डोळे तेवीस दिवस झोप नसल्यागत लाल व्हते.

"आणि शब्द देतो," म्हटलं. "कुणाल, आयक. उंबऱ्याच्या आत गेल्या गेल्या, पाणी घ्यायच्या आधी, दोघांपुढं उभा राहून चुकलं म्हणीन. कसं, का, ते लांबण लावणार न्हाई. आणि तिनं स्वतः बस म्हटल्याशिवाय बसणार न्हाई. न्हाई म्हटली, तर तसाच उभा राहीन, तुझं बोलणं हुईस्तोवर."